खालचा मजला आधी ओरडतो

ग्विदासच्या हातून चेंडू सुटायच्या आत तो रिंगमध्ये पडल्याचं मला खालच्या मजल्यावरून कळलं. शुक्रवारची गोष्ट, सेमीफायनलचा शेवटचा क्वार्टर. माझ्या टीव्हीवर तो अजून कोपऱ्यात उभा होता, गुडघे वाकवलेले, चेंडू पोटाशी, अंगावर समोरच्या संघाचा एक लांब हातांचा पोरगा आलेला, आणि खालून झेनोनास बोंबलला, "गेलाऽऽ! गेला रे गेला!" मग सगळा जिना ओरडला, हीटरचे पाइप वाजले, कपाटातल्या माझ्या बश्या थरथरल्या. मी तशीच बघत राहिले. पडद्यावर माझा मुलगा उडाला, चेंडू सुटला, वर गेला. तो वर असताना समालोचकाचा श्वास अडकला, जातोय की नाही, जातोय की नाही, आणि मी मनात म्हटलं, अरे शहाण्या, गेला की तो केव्हाच. मग गेला. लोक नाचले. मला काही म्हणता काही झालं नाही. पोटच्या पोराची बास्केट, आणि आईच्या पानात शिळी वाढलेली.

हे सगळं त्या नव्या टीव्हीमुळे. मागच्या नाताळात ग्विदासनं तो आणून भिंतीवर ठोकला. चित्र असं की पंचाच्या नाकावरचा घाम दिसावा. पण ते इंटरनेटवरून येतं, कुठून कुठून फिरत येतं म्हणे, आणि चहात साखर घालून ढवळून होईल एवढं मागे राहतं. माझा जुना टीव्ही, नळीचा, ढोल्या पोटाचा, छतावरच्या अँटेनावर चालणारा, तो त्यानं स्वतः उचलून खाली झेनोनासला नेऊन दिला. जिन्यात वाटेत दोनदा टेकला, इतका जड. अँटेनावरचं लगेच दिसतं. म्हणजे माझाच टीव्ही खाली बसून माझ्या मुलाचा खेळ माझ्या आधी बघतो. त्याच वेळी त्यानं खिडक्याही बदलल्या, दुहेरी काचेच्या घातल्या. आता बाहेर आग लागली तरी मला ऐकू येणार नाही, पण घरातल्या घरात शेजारचा शिंकला तर इथून देव तुझं भलं करो म्हणावं, अशा या आमच्या इमारतीच्या भिंती. बाहेरचं जग बंद आणि खालचा झेनोनास उघडा. पोरगा प्रेमानं करतो, काय बोलणार.

त्या जुन्या टीव्हीची नळी आमच्याच कारखान्यातली. अर्धं पानेवेझीस शहर तिथं कामाला होतं, झेनोनास भट्टीवर आणि मी तपासणीत. तपासणी म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसायचं. समोरून पेटलेल्या नळ्या सरकत यायच्या, चित्र नाही, नुसता पांढरा उजेड, आणि त्या उजेडात डाग शोधायचा. आयुष्य त्यात गेलं. संध्याकाळी बाहेर पडलं की रस्ता, झाडं, माणसांची तोंडं, सगळीकडे मी डाग शोधत असे, आणि घरी आलं की ग्विदास अंगणातल्या जाळी नसलेल्या रिंगखाली एकटा चेंडू टाकत असे. त्याच्याकडे बघताना मात्र डोळे निवायचे. त्याच्यात मला काही सापडायचं नाही. इतर आयांनाही तसंच होत असेल, पण इतर आयांची पोरं इतकी सुरेख उडत नव्हती, हे मी आजही कुणापुढे छातीठोकपणे सांगेन.

शुक्रवारी मॅच संपली, आम्ही फायनलला गेलो, सगळं शहर हॉर्न वाजवत फिरत असेल, आणि मी जिना उतरून झेनोनासच्या दारावर मुठी आपटल्या. दार उघडलं. त्याचं तोंड लाल, गळ्यात क्लबचा पांढरा-काळा मफलर, हातात दोन लाकडी चमचे. आमच्या क्लबचं नाव गांद्राई, करकोचे. समोरच्या संघाला फाउलबद्दल फ्री थ्रो मिळाला की इथली माणसं करकोच्याच्या चोचीसारखे चमचे आपटतात. हा माणूस घरात बसून आपटतो.

"काय गं तेक्ले, मिठी मारायला आलीस?" तो म्हणाला.

"तुझ्या तोंडाला कुलूप घालायला आले. जरा दम काढ की. माझ्या टीव्हीवर चहात साखर ढवळून होईल एवढं उशिरा येतं, माहितीये तुला."

"मग खाली ये बघायला. तुझाच टीव्ही आहे."

"तुझ्या त्या सिगारेटच्या धुरात? आणि आठ जणांच्या मांड्यांना मांडी लावून? मला माझ्या मुलाला एकटीनं बघायचं असतं."

"एकटीनं म्हणे. अगं मॅच आहे ती, कन्फेशन नाही. आम्ही ओरडायचं तरी कधी? तुझी साखर ढवळून झाल्यावर?"

"हो! आधी आईला दिसू दे, मग गावानं ओरडावं. एवढी साधी रीत नाही तुमच्याकडे?"

तो हसला. मागे त्याच्या सोफ्यावर बसलेले सगळे हसले, माझ्या समोरच्या दारातली ल्युद्विकासुद्धा, जी रोज सकाळी माझ्याकडे कॉफी पिते. झेनोनास म्हणाला, "बास्केटबॉलमध्ये आईसाठी वेगळी खुर्ची नसते, तेक्ले." मी म्हटलं, "खड्ड्यात जा," आणि वर आले. दार आपटलं. ते त्यांनीही ऐकलं असेल, भिंती दोन्ही बाजूंनी सारख्याच पातळ असतात.

त्याचं ते वाक्य खुर्चीचं, ते मात्र लागलं. कारण माझी खुर्ची होती एकेकाळी. ग्विदास शाळेच्या संघात खेळायचा तेव्हा मी प्रत्येक मॅचला तिसऱ्या रांगेत असे. फ्री थ्रो मिळाला की तो रेषेवर जायचा, चेंडू आपटायचा, आणि टाकायच्या आधी मान वर करून मला शोधायचा. मी दिसले की टाकायचा. एखाद्या दिवशी कारखान्यात माझी पाळी लांबली, मी आले नाही, की त्याचे डोळे सगळ्या बाकांवरून फिरत राहायचे आणि हात थंड पडायचे. एकदा त्याचे प्रशिक्षक मला बाहेर भेटले, टोपी काढून म्हणाले, बाई, राग मानू नका, पण तुम्ही येत जाऊ नका, नाहीतर हा आयुष्यभर तुम्हाला शोधत राहील. खरं होतं ते. मी जायचं थांबवलं. तो मोठ्या क्लबात गेला, बायको आली, मुलं झाली, ती सगळी जातात हॉलमध्ये, आणि मी घरात टीव्हीसमोर. कुणी विचारलं तर म्हणते, गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत.

आणि त्यानं शोधणं सोडलेलं नाही, हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं. तेव्हाही असाच शेवट होता. एक गुण मागे, शेवटचे क्षण, फाउल, दोन फ्री थ्रो, रेषेवर ग्विदास. तेव्हा जुना टीव्ही माझ्याच घरी होता आणि सगळा जिना माझ्या सोफ्यावर, गालिच्यावर, दारात बूट काढून बसलेला. त्यानं चेंडू आपटला आणि मान वर केली. बत्तीस वर्षांचा बाप्या, दाढीवाला, परक्या देशातल्या परक्या हॉलमध्ये मान वर करून बाकांवर नजर फिरवली. आणि मी इथं. पहिला रिंगच्या कडेला लागून बाहेर. दुसरा तर रिंगपर्यंत पोचलाच नाही. माझ्या खोलीत आवाज झाला नाही. हाय नाही, अरेरे नाही, शिवी नाही. झेनोनाससारखा झेनोनास, तोही गालिच्याकडे बघत बसला. मग एकेक जण उठला, दारात बूट शोधले, आणि दार इतक्या हळू ओढून घेतलं की कडीसुद्धा वाजली नाही.

आम्ही लोक असेच. आनंद झाला तर छत फोडू, पण वाईट झालं की गप्प. सांत्वन करत नाही आणि शिव्याही घालत नाही. ग्विदास परत आला तर कुणी त्याला त्याबद्दल बोललं नाही. बेकरीतली बाई न मागता ताजी पावरोटी हातात ठेवायची. न्हावी केस कापताना अळंब्यांबद्दल बोलायचा, यंदा रानात भरपूर उगवल्यात वगैरे. बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे, एवढ्या धडधाकट माणसाला. एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात तो टेबलावर डोकं ठेवून म्हणाला, "आई, कुणीतरी घाला की मला दोन शिव्या. एकानं तरी. मी मेलोय का, सगळे असे कुजबुजतायत ते?" मी काय केलं? बटाट्याचा भाजलेला कुगेल्या पुढे ठेवला. मीही त्यांच्यातलीच. तो सबंध उन्हाळा तो नेव्हेझिस नदीच्या काठी एकटा चालत असे, माणसं नसतील अशा वाटेनं. त्याची बायको मला म्हणाली, रात्रभर छताकडे बघतो. मग गडी पुन्हा उभा राहिला. क्लबनं ठेवला, कप्तान केला. गुडघे गेले, खेळायला थोडा वेळ मिळू लागला, पण जेवढा मिळे तेवढ्यात तो पोरांना असा खेळवायचा की बघत राहावं. रविवारची फायनल त्याची शेवटची मॅच. त्यानं तसं सांगून टाकलं होतं. युरोपचा कप आमच्या शहरात कधी आलेला नाही, तो येईल की नाही याची शहराला काळजी. माझी काळजी एवढीशी होती आणि लाज वाटावी अशी होती. कप येवो न येवो, शेवटचा चेंडू माझ्या पोराच्या हातात येऊ नये. कारण तो पुन्हा चुकला तर मग कायमचा चुकलेलाच राहील, आणि इथंच, या गप्प माणसांत, त्याला म्हातारं व्हायचंय.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"आई, बघणार ना?"

"नाही, चर्चची फरशी पुसायला जाणार. बघणार नाही तर काय?"

"चॅनेल नीट लागतंय?"

"लागतंय. पण त्या झेनोनासला आधी कळतं सगळं. तू दिलेला टीव्ही भिंतीची शोभा झालाय."

तो हसला. त्याच्या हसण्यात अजून तो दात पडलेला पोरगा आहे. "बरंच झालं की," म्हणाला, "वाईट असलं तर तुला आधीच कळेल, तयारी होईल." मग म्हणाला, "आई, मला नाही वाटत मी फार खेळेन. पोरं चांगली आहेत. तो आउरिमास तर वेडा आहे, बघच तू." मी म्हटलं, नीट जेव. फायनलच्या दिवशी पस्तीस वर्षांच्या माणसाला दुसरं काय सांगतात, मला माहीत नाही.

संध्याकाळी मॅच सुरू व्हायच्या आधी ल्युद्विका आली, लसूण चोळून तळलेल्या काळ्या पावाची ताटली घेऊन. मी म्हटलं, बस. ती दारातच उभी. "खाली चाललेय गं. सगळे तिकडंच आहेत. तू पण चल, रुसतेस काय लहान पोरीसारखी."

"मी रुसले नाही."

"नाही कशी. शुक्रवारी दार आपटलंस तेव्हा माझ्या घरातलं घड्याळ पडलं."

"झेनोनासला म्हणावं आज तरी तोंड आवर."

"झेनोनासला? आज?" तिनं कपाळाला हात लावला. "त्यापेक्षा चर्चच्या घंटेला सांग." आणि गेली. तिच्या चपला खाली उतरत गेल्या, झेनोनासचं दार उघडलं, आतला गलका जिन्यात सांडला आणि दार बंद झालं. पश्चिमेचं ऊन माझ्या टेबलावर पडलं होतं, मे महिन्यात ते लवकर जात नाही. मी खिडक्या घट्ट बंद केल्या. पावाचा तुकडा तोंडात घातला आणि ताटली मांडीवर घेऊन टीव्ही लावला.

काय खेळली पोरं! समोर स्पेनचा संघ, एकेक जण दारातून वाकूनच आत येईल असा उंच, आणि आमची पोरं त्यांच्या काखेखालून चेंडू काढत होती. चेंडू कुणाच्या हातात टिकतच नव्हता. एकाकडे आला म्हणेपर्यंत तिसऱ्याकडे. त्यात दिखावा नव्हता, घाई नव्हती. गवत कापायला शेतात ओळीनं माणसं उतरतात आणि कुणी कुणाकडे न बघता एका लयीत पुढे सरकतात, तसं. आउरिमास खरंच वेडा होता. त्या उंच माणसांच्या मधून तो घुसायचा, आदळायचा, पडायचा, आणि उठताना हसायचा. माझी छाती भरून आली. ही आमच्याच अंगणातली, जाळी नसलेल्या रिंगखाली वाढलेली पोरं, आणि युरोप यांच्याकडे तोंड उघडून बघतंय. ग्विदास बाकावर होता, टॉवेल खांद्यावर, पण प्रत्येक वेळी खेळ थांबला की पोरं आधी त्याच्याकडे बघत, मग प्रशिक्षकाकडे. तो दोन शब्द बोले, कुणाच्या मानेवर हात ठेवी. मी त्या हाताकडे बघत होते. कधी झाला हा एवढा मोठा माणूस, माझ्या पाठीमागे?

आणि खालून आवाज येत होताच. झेनोनासनं काही कुलूप घातलं नव्हतं. "गेलाऽ!" म्हटलं की मला कळे, आता आमची बास्केट. "आईशप्पत, अरे पंचा!" म्हटलं की कळे, आता आमच्या विरुद्ध फाउल. चमच्यांची टकटक सुरू झाली की स्पेनचा फ्री थ्रो. आधी चीड आली, मग सवय झाली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी मॅच बघतच नाहीये. मी झेनोनास ऐकतेय आणि पडद्यावर फक्त खात्री करून घेतेय. जमीन ओरडली की माझे खांदे खाली येत, जमीन कण्हली की मी पावाची ताटली घट्ट धरत असे, आणि चित्र येईपर्यंत माझं सुखदुःख उरकलेलं असे. सोय म्हणावी तर सोय होती. मरणाची बातमी अशी आधी कुणीतरी खालून सांगितली तर बरं, असंही वाटून गेलं. माझा नवरा व्हिक्तोरास गेला तेव्हा मी दवाखान्याच्या गॅलरीत होते, आणि नर्सच्या चालण्यावरून मला ती पोचायच्या आधी कळलं होतं. ती समोर येऊन बोलेपर्यंतचा तो वेळ, तोच माझ्या आठवणीत राहिलाय, ती काय बोलली ते नाही.

शेवटच्या मिनिटाला खाली एकदम हलकल्लोळ झाला, शिव्या, खुर्ची पडल्याचा आवाज. मग पडद्यावर दिसलं, आउरिमासचा पाचवा फाउल. तो बाहेर. पोरानं जर्सीत तोंड लपवलं. आम्ही एका गुणानं मागे. प्रशिक्षकानं बाकाकडे बघितलं आणि ग्विदासनं खांद्यावरचा टॉवेल काढला. नको, मी मोठ्यानं म्हटलं. रिकाम्या खोलीत म्हटलं, नको रे. तो लंगडत आत गेला. स्पेनवाले चुकले, चेंडू आमच्याकडे आला, एका हातातून दुसऱ्या हातात, घड्याळ उतरतंय, आणि त्याच वेळी खालचा मजला गप्प झाला.

गप्प म्हणजे कसा? एखादी गोष्ट हळूहळू थांबते तसा नाही. झेनोनासचा आवाज अर्ध्यात तुटला आणि मग काही नाही. माझ्या टीव्हीवर अजून चेंडू फिरत होता, अजून काहीच झालं नव्हतं, आणि खाली सगळं होऊन गेलं होतं. मी वाकून जमिनीला कान लावायची तेवढी बाकी राहिले. पडद्यावर चेंडू ग्विदासकडे आला. त्या गुडघ्यांनी तो आत घुसला, दोघांच्या मधून, आणि पाडला त्याला. शिट्टी. दोन फ्री थ्रो. तो रेषेकडे चालू लागला आणि मला कळलं की खाली पहिला टाकून झालाय. आणि आवाज नाही. हा आवाज नसणं मला ओळखीचं होतं. हे माझ्याच गालिच्यावर बसून गेलं होतं एकदा. आता एकेक जण उठत असेल, बूट शोधत असेल, दार हळू ओढून घेत असेल. उद्यापासून बेकरीत पुन्हा न मागता ताजी पावरोटी.

रिमोट माझ्या हातात होता, अंगठा बटणावर. बंद करून टाकावं. झालेलंच आहे, मग त्याची विटंबना बघायची कशाला? त्याचे हात खाली येतील, तो क्षण जगानं बघितला, मी नाही बघितला तर काय बिघडलं? फोन घ्यावा आणि वाजत ठेवावा, कपडे बदलायला आला की उचलेल, आणि यावेळी पहिल्यांदा मी बोलेन, कुगेल्या पुढे ठेवणार नाही. शिव्या घालेन. गाढवा, म्हणेन, टोणग्या, चमच्यानं सूप पिताना तरी तोंडात नेम लागतो का तुझा? आणि मग घरी ये म्हणेन. पण अंगठा दाबेना. पडद्यावर माझा मुलगा रेषेवर उभा होता, त्याच्यासाठी अजून काहीच झालं नव्हतं. सगळ्या शहराला कळून चुकलं होतं आणि तो एकटा अजून त्या जुन्या वेळेत उभा होता, चेंडू आपटत, आणि त्या वेळेत त्याच्या सोबतीला जगात दुसरं कुणी असलंच तर मी होते. मी उठून गेले असते तर तो तिथं अगदीच एकटा उरला असता. शिळं तर शिळं. मी रिमोट ठेवला, पुढे सरकून बसले. त्यानं मान वर केली. बाकांवरून नजर फिरली. "इथं आहे रे," मी म्हटलं. "इथं. टाक."

गेला. जाळी नुसती हलली.

मी बघतच राहिले. बरोबरी! मग खाली का नाही ओरडले? डोकं असं असतं, त्याला सुख दाखवलं तरी ते आधी डाग शोधतं. ओरडले नाहीत, कारण आता दुसरा टाकून झालाय, आणि तो चुकलाय. पंचानं चेंडू त्याच्याकडे टाकला. तो पुन्हा आपटू लागला. कपाळावरचा घाम त्यानं दंडाला पुसला, लहानपणी नाक पुसायचा तसाच. यावेळी मान वर केली नाही. टाकला. तो चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागला, उडाला, आणि पुन्हा खाली आला आणि आत पडला. आम्ही एका गुणानं पुढे. आणि खाली स्मशान. म्हणजे अजून काहीतरी आहे. म्हणजे स्पेनवाल्यांनी लांबून टाकलेला गेला असणार. हो, तसंच असणार. त्यांच्यातल्या एका उंच पोरानं अर्ध्या मैदानावरून चेंडू भिरकावला. तो इतका वेळ हवेत राहिला की मला सगळं माफ करावंसं वाटलं, झेनोनासला, बेकरीवालीला, त्या टोपी काढून बोलणाऱ्या प्रशिक्षकांना. चेंडू फळीवर आदळला, बाहेर पडला. भोंगा वाजला. पडद्यावर सगळे एकमेकांवर कोसळले, आणि त्या ढिगाऱ्याच्या तळाशी कुठंतरी ग्विदास होता, त्याचा एक बूट तेवढा दिसत होता.

आणि माझ्या घरात मुंगी चालली तरी ऐकू आली असती. मला भीती वाटली. सांगते खरं, आनंद नाही, भीती वाटली. आपण जिंकलोय आणि आपली इमारत मेलीय. खाली दिवे गेले? कुणाला काही झालं, झेनोनासला, त्याचा रक्तदाब, तो लाल चेहरा? की माझ्या डोळ्यांनी मला फसवलं, की हे चित्र खोटं, आणि खालचं ते खरं? पडद्यावर लोक रडत होते, ग्विदासला कुणीतरी खांद्यावर घेत होतं, आणि मी टेबलाची कड धरून उभी. तेवढ्यात माझ्या दारावर काहीतरी खरडलं. ठोठावणं नव्हे, मांजर खरडतं तसं.

मी दार उघडलं. सगळा जिना तिथं होता. पायऱ्यांवर वरपासून खालपर्यंत, मोज्यांवर, चपला हातात. ल्युद्विकानं ॲप्रनचा बोळा तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून धारा. वरच्या मजल्यावर राहणारे, एरवी गंभीर असणारे रेल्वेतले एक गृहस्थ कठड्याला धरून थरथरत होते. आणि सगळ्यांत पुढे झेनोनास, तोंड बीटच्या सूपसारखं, ओठ आत ओढून घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या. त्यानं एक दीर्घ श्वास आत घेतला. जन्मभरात मी त्याला कुजबुजताना ऐकलं नव्हतं.

"काय गं तेक्ले," त्यानं विचारलं, "गेले का दोन्ही?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं. सगळ्यांना केव्हाचं माहीत होतं. आयुष्यभर वाट बघितलेली ती गोष्ट तोंडात दाबून ती माणसं मोज्यांवर जिना चढून आली होती आणि आता माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी मान हलवली, पण त्यानं ते चालवून घेतलं नाही, तो तसाच उभा राहिला, वाट बघत.

"गेले," मी म्हटलं. "दोन्ही गेले."

मग ते ओरडले.